आठशे सात मिलिमीटरची बैठक

ढाणकीत बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागते, तेव्हा मी ती सावकाश वाचत जातो. एका गाडीच्या सीटवर पोत्याचा तुकडा बांधलेला असतो, म्हणजे कालच तिच्यावरून खताची थैली गेली. एकीच्या हँडलला दुधाच्या कॅनने घासून पाडलेला चकचकीत पट्टा दिसतो. एकीचं पुढचं मडगार्ड काढून ठेवलेलं असतं, म्हणजे मालकाचं शेत काळ्या रानात आहे आणि पहिल्या पावसात चाक मातीने गच्च होऊन जागीच अडलं होतं. पैनगंगेच्या या काठाला, विदर्भ संपता संपता आणि मराठवाडा सुरू होता होता, माणसाचं अर्धं चरित्र त्याच्या गाडीवर लिहिलेलं सापडतं. आणि यातल्या बहुतेक गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या आतल्या असतात.

याच रांगेसमोर दोन वर्षांपूर्वी माझा भाचा उभा होता. उंची सहा फूट एक इंच, वजन ११० किलो, वय बावीस. त्याने तोवर कधी गाडी चालवली नव्हती. शाळेत असतानाच अंग इतकं भरलं, की सायकलवरून उतरला तो उतरलाच. आता उमरखेडला रोज नोकरीला जायचं होतं आणि पहिली गाडी घ्यायची होती. घरचे, शेजारचे, चहाच्या टपरीवरचे, सगळ्यांचा सल्ला एकच होता: "तुला बुलेटच शोभते."

मराठीत दोन क्रियापदं आहेत. कपडा अंगाला शोभतो आणि कपडा अंगाला बसतो. शोभतो की नाही ते बघणारा ठरवतो, बसतो की नाही ते घालणाऱ्यालाच कळतं. त्या दिवशी मी भाच्याला म्हणालो, "पहिली गाडी शोभणारी नको, बसणारी बघू." आणि त्याला रांगेतल्या एका बजाज प्लॅटिनासमोर नेऊन उभं केलं. तो नाराजीने म्हणाला, "मामा, हे तं बुढ्यायची गाडी आहे."

ज्या गाडीला तरुण पोरं वळूनही बघत नाहीत, त्या गाडीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. मोठ्या अंगाच्या नव्या स्वाराने छोटी गाडी कशी वाचावी, हे मला तिच्याच अंगावर बोट ठेवून सांगता येतं.

आधी थोडं मागे जाऊ. १९८०च्या आधी आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी आणि बुलेट, अशा जड आणि किक मारताना दम काढणाऱ्या गाड्या. १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांशी भागीदारी करून चार शंभर सीसी गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० आणि कावासाकी बजाजची केबी १००. त्यांतली सीडी १०० तेवढी फोर-स्ट्रोक होती. तिचं आडवं झोपलेलं इंजिन होंडाने १९५८ साली काढलेल्या सुपर कबच्या वंशातलं. त्याच वंशात पुढे १९९४ साली स्प्लेंडर आली आणि शेतकऱ्याच्या दारात गाडी उभी राहिली. बजाजची प्लॅटिना त्यानंतर बारा वर्षांनी, २००६ची. बजाजचं मूळही आपल्या विदर्भातलं. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं हे घराणं, आणि १९४५ साली सुरू झालेल्या कंपनीचं पहिलं नाव होतं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन.

या गाड्या घडवताना आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मध्यम चणीचा माणूस होता, हे उघड आहे. मग सहा फुटी, ११० किलोचा माणूस त्यांच्यावर परका ठरतो का? इथे ढाणकीचं रोजचं गणित कामाला येतं. साठ किलोचा शेतकरी डीएपीची ५० किलोची थैली घेऊन बितरगावच्या रस्त्याने जातो, तेव्हा गाडीवर ११० किलोच असतात. माझ्या भाच्याचं वजन गाडीसाठी नवीन नाही, तिने ते हजारदा वाहिलेलं आहे. थैली तर मागच्या टोकाला, चाकाच्याही पलीकडे लोंबकळत बसते आणि पुढचं चाक हलकं करते. माणूस मात्र दोन चाकांच्या मधे बसतो आणि वळताना गाडीबरोबर कलतो. जिवंत वजन थैलीपेक्षा सोपं असतं.

म्हणून 'मोठा' हा शब्द आधी फोडून घ्यायला हवा. त्यात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: वजन, उंची आणि रुंदी. वजनाचा संबंध इंजिन, शॉकअप, टायर आणि ब्रेकशी. ते निघताना, चढताना, थांबताना आणि खड्ड्यात जाणवतं, सपाट रस्त्यावर गाडी एकदा चालीला लागली की फारसं जाणवत नाही. उंचीचा संबंध गुडघ्यांशी, आणि ती पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्या किलोमीटरपर्यंत प्रत्येक क्षणी जाणवते. रुंदीचा संबंध हँडल आणि सीटशी. लोक वजनाची काळजी करतात आणि सीसी विचारतात, पण गाडी नकोशी होते ती बहुतेकदा गुडघ्यांमुळे.

आता प्लॅटिना १०० जवळून बघू.

तिच्यातलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य म्हणजे तिची सीट. जमिनीपासून ८०७ मिलिमीटर. स्प्लेंडरची सीट ७८५ वर आहे, होंडाच्या शाइन १२५ची ७९१ वर. आजच्या बुलेट ३५०ची सीट? ८०५. ज्या गाडीला आपण छोटी म्हणतो, तिची बैठक बुलेटपेक्षा दोन मिलिमीटर उंच आहे. हा आकडा मी भाच्याला सांगितला तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. डोळा फसतो, कारण बुलेटची टाकी भरलेली, सायलेन्सर जाड, मडगार्ड खोल. प्लॅटिना अंगाने काटक. पण बसणारा टाकीवर बसत नाही, सीटवर बसतो.

ठेंगण्या माणसाला ही उंची त्रासाची ठरू शकते, त्याच्या टाचा अधांतरी राहतात. सहा फुटी माणसाला ती वरदान आहे. सीट उंच असली आणि फुटरेस्ट आपल्या जागी राहिला, की दोघांतलं अंतर वाढतं आणि गुडघा उघडतो. हे अंतर कंपनीच्या पत्रकात छापलेलं नसतं, ते स्वतः मोजावं लागतं. आम्ही सुतळीने मोजलं. भाचा गाडीवर बसला, मिस्त्रीने गाडी सरळ धरली, पाय फुटरेस्टवर ठेवले. मी सुतळीचं एक टोक सीटच्या कडेला धरलं, दुसरं फुटरेस्टला, आणि गाठ मारली. तीच सुतळी शेजारच्या दुसऱ्या गाडीला लावली तर गाठ फुटरेस्टच्या खाली उतरली. म्हणजे त्या गाडीवर पाय तेवढाच जास्त दुमडणार होता. गुडघ्याचा कोन काटकोनाहून मोठा राहिला तर माणूस उमरखेडपर्यंत खुशाल जातो. काटकोनाच्या आत आला की अर्ध्या वाटेत मांडीत गोळा येतो.

दुसरी खूण हँडलची. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, तेव्हा भाच्याच्या गुडघ्याला ते लागलं नाही, एवढं पुरेसं नव्हतं. पूर्ण वळवल्यावर उजवा हात रेसवर सैल पोचतो का, आणि डावी मूठ पोटाला टेकते का, हेही बघायचं होतं. रुंद माणसाची अडचण नेमकी तिथे होते, आणि ती सरळ रस्त्यावर कळत नाही, गल्लीत गाडी फिरवताना कळते. प्लॅटिनाचं हँडल सरळ, फारसं मागे न आलेलं. त्याची मूठ पोटापासून चार बोटं दूर राहिली.

तिसरी खूण पायाची. भाच्याचा बूट ११ नंबरचा. गिअरच्या लिव्हरखाली बुटाचा पंजा शिरेना, आणि मागच्या, टाचेने दाबायच्या पट्टीवर टाच आपोआप पडायची. गाडी नको म्हणायला एवढं कारण पुष्कळ होतं. मिस्त्रीने दहा नंबरचा पाना घेतला, लिव्हरचा बोल्ट सैल केला, लिव्हर दात्यांवरून काढून एक दात वर बसवली आणि बोल्ट आवळला. दोन मिनिटांचं काम. पंजा आत शिरला आणि टाच मोकळी राहिली. हँडलही क्लॅम्प ढिले करून थोडं पुढे ढकलता येतं, क्लचची आणि ब्रेकची लिव्हर मनगटाच्या रेषेत आणता येते. शोरूममधली गाडी सरासरी माणसाच्या मापाने बांधलेली असते. ती अंगाप्रमाणे बसवून घेणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे, आणि छोट्या गाडीत हे काम पान्याने होतं, पैशाने करावं लागत नाही.

सीटची लांबीही बघा. रुंद माणूस बसला की सीटचा मोठा भाग त्याचाच होतो, आणि मागे बसणारी व्यक्ती कॅरिअरच्या नळीवर सरकते. प्लॅटिनाची सीट लांब आणि सपाट आहे. भाच्याच्या मागे त्याची आई एका बाजूला पाय सोडून नीट बसू शकली. ताईने बसल्या बसल्या सीटवर थाप मारली. गाडी घरात आली ती तेव्हाच.

आता इंजिन. १०२ सीसी, ताकद आठ पीएसच्या आत. हा आकडा वाचून ११० किलोचा माणूस बिचकतो. पण इंजिनाची नुसती क्षमता वाचू नये, त्याचा घाट वाचावा. स्प्लेंडरच्या सिलेंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५, म्हणजे जवळजवळ चौरस. प्लॅटिनाचा व्यास ४७ आणि धाव ५८.८. अरुंद आणि खोल. आपल्याकडच्या उखळासारखं. पसरट उखळात मुसळ भराभर चालतं, खोल उखळात घाव कमी पडतात पण प्रत्येक घाव लांबून येतो. लांब धावेच्या इंजिनाचा स्वभावच असा, की ते कमी फेऱ्यांवर ओढतं. प्लॅटिना आपला सगळ्यात जास्त जोर, ८.३ न्यूटन मीटर, मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर देते. स्प्लेंडर ८.०५ देते, तो ६००० फेऱ्यांवर. आकड्यांतला फरक थोडा आहे, पण तो नेमका जड माणसाला हवा तिथे आहे, म्हणजे गाडी जागेवरून हलताना.

नव्या स्वाराचं सगळं शिक्षण त्या एका क्षणात असतं. क्लच सुटतो आहे, रेस वाढते आहे, आणि त्या दोहोंच्या मधे गाडी कुठेतरी पकड घेते. इंजिन कमी फेऱ्यांवर ओढणारं असेल तर ही पकड सावकाश, समजेल अशी येते. नाहीतर शिकणारा घाबरून रेस पिळतो, गाडी उडी मारते किंवा बंद पडते. जड माणसाला आणखी एक मोह होतो: अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याचा. वजन जास्त, त्यामुळे क्लच प्लेटा तेवढ्या जास्त घासतात. भाच्याला पहिल्या दिवशी मी एवढंच सांगितलं की आवाज ऐक. या इंजिनाचा आवाज बारीक आणि संथ आहे, टुकटुक असा, लांबून आलेल्या श्वासासारखा. पकड येताना तो आवाज एक पायरी खाली उतरतो. तिथे हात थांबव, गाडीला तुला उचलू दे, मग क्लच पूर्ण सोड. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानाला ती पायरी सापडली.

आमच्या बाजूचा रस्ता हा या गाडीचा खरा परीक्षक. काळ्या मातीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता त्यामुळे कधी सरळ राहत नाही, त्याला लाटा येतात. गाडीचा जमिनीपासूनचा उठाव इथे महत्त्वाचा. प्लॅटिनाचा २०० मिलिमीटर आहे, स्प्लेंडरचा १६५. जड माणूस बसला की गाडी आणखी दबते, म्हणून त्याच्यासाठी हे साडेतीन सेंटिमीटर दुप्पट मोलाचे. गतिरोधकावर पोट घासत नाही, चाकोरीतल्या मधल्या उंचवट्यावर इंजिन आपटत नाही.

शॉकअपमध्ये तिची खरी कलाकुसर आहे. पुढची धाव १३५ मिलिमीटर, मागची ११०. शंभर सीसी गाडीच्या मानाने ही उदारता आहे. मागच्या शॉकअपमध्ये एका स्प्रिंगच्या पोटात दुसरी स्प्रिंग बसवलेली आहे. बारीक खडखड वरच्यावर विरते, आणि भार वाढला की दोन स्प्रिंगा मिळून तो तोलतात. मी भाच्याला बसवून मोजलं. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या नळीपर्यंतचं अंतर आधी घेतलं, तो बसल्यावर पुन्हा घेतलं. गाडी तीन बोटं खाली आली. तीन बोटं म्हणजे पाचेक सेंटिमीटर, ११०च्या धावेतली जवळजवळ निम्मी. खड्ड्यासाठी निम्मी शिल्लक. कमी धावेच्या शॉकअपवर हाच माणूस बसला असता तर खड्ड्याचा धक्का थेट माकडहाडात गेला असता. लोक या गाडीला मऊ म्हणतात. मऊपणा स्प्रिंगच्या नरमाईचा असतो आणि धावेच्या लांबीचाही असतो. जड माणसाला दुसरा हवा. ज्यांच्या गाडीच्या शॉकअपला खाचा दिलेल्या असतात, त्यांनी पान्याने एक-दोन खाचा चढवून घ्याव्यात आणि मग पुन्हा मोजावं.

रसिकाने दोषही तितक्याच प्रेमाने वाचायला हवेत. या गाडीचे आहेत, आणि ते जड माणसालाच आधी भेटतात.

पहिला दोष वाचायचा तो टायरच्या भिंतीवर. मागच्या टायरवर तीन-शून्य-शून्य, सतरा, आणि त्यापुढे ५०पी असं कोरलेलं असतं. त्यातला ५० म्हणजे किलो नव्हेत, तो भारांक आहे, आणि त्या अंकाचा अर्थ १९० किलो. नेमून दिलेली हवा असताना त्या टायरने इतकं वजन तोलावं. आता हिशेब करा. गाडी ११७ किलो, भाचा ११०. एकूण २२७. एकटा असताना मागच्या चाकावर साधारण ६० टक्के येतं, म्हणजे १३६. भरपूर जागा आहे. मागे ५५ किलोची आई बसली की एकूण २८२, आणि मागच्या चाकावर दोन तृतीयांश धरले तर १८८. काठावर. मागे ७५ किलोचा मित्र बसला तर काठ ओलांडला. स्प्लेंडरच्या मागच्या टायरवर ५४ हा अंक असतो, त्याचा अर्थ २१२ किलो. या एका ओळीत स्प्लेंडर पुढे आहे, आणि ते मान्य करायला हवं. भाच्याने नियम करून घेतला: आई चालेल, सावकाश. मित्राने बसने यावं. आणि मागच्या टायरमधली हवा दर आठवड्याला गाडी थंड असताना मोजायची, दोघे बसतात तेव्हाच्या हवेची खूण पुस्तिकेत बघून. जड माणसाच्या गाडीला कमी हवा म्हणजे हळूहळू शिजणारा टायर.

दुसरा दोष ब्रेकचा. दोन्ही चाकांना ड्रम, पुढचा १३० मिलिमीटरचा. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची जोडणी सक्तीची झाली, त्यामुळे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नव्या माणसाला याची मदत होते. पण वजनाचं गणित बदलत नाही. गाडी आणि ६० किलोचा स्वार मिळून १७७ किलो, गाडी आणि भाचा मिळून २२७. त्याच वेगात ब्रेकला सव्वापटीहून जास्त जोर जिरवावा लागतो. यावर उपाय वेगात आहे, कारण वेग कमी केला की तो जोर वेगाच्या वर्गाने उतरतो. हलक्या माणसाने ताशी ५०ने गाडी थांबवायला जितकं काम ब्रेक करतो, तितकंच काम भाच्याच्या गाडीचा ब्रेक ताशी ४४ला करतो. सहा किलोमीटरचा फरक. मी त्याला म्हणालो, काटा ४५च्या आत ठेवलास तर तुझी गाडी बाकीच्यांइतकीच लवकर थांबेल. ज्यांना थोडे जास्त पैसे घालता येतात त्यांच्यासाठी याच कुळातल्या ११० सीसीच्या गाडीला पुढे डिस्क आणि एबीएसही देण्यात आला होता. अशी गाडी मिळाली तर जड माणसाने ते पैसे आनंदाने द्यावेत, असं माझं मत आहे.

तिसरा दोष ओव्हरटेकचा. समोर उसाची ट्रॉली चालली आहे, मागे ट्रक आहे, आणि गाडीला पुढे काढायचं आहे. या इंजिनात तेवढी झेप नाही, आणि रुंद छातीवर वारा आदळतो तेव्हा ती आणखी कमी होते. इथे गाडी धीर शिकवते. पोफळीच्या साखर कारखान्याच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॉलीमागे दोन किलोमीटर निवांत चालण्याची सवय लागली, तर ती सवय पुढे कुठल्याही मोठ्या गाडीवर जीव वाचवते.

आता बुलेटकडे वळू, कारण सल्ला देणाऱ्यांचा मान ठेवायला हवा. बुलेट उत्तम गाडी आहे. तिचं वजन १९५ किलो. चालीला लागली की त्या वजनाची स्थिरता सुखाची वाटते. पण नवा माणूस गाडी पाडतो ती चालीत नाही, थांबताना पाडतो. पाय टेकायला जातो, खाली वाळू असते, गाडी एका बाजूला कलते. कलणारी गाडी कुठल्याही बळाने थांबत नाही, तिच्यासाठी तोल शिकावा लागतो, आणि मोठं अंग म्हणजे तोल नव्हे. पहिल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर आठ काढताना भाचा तीनदा पडला. आरटीओत याच आठाची परीक्षा असते. तिन्ही वेळा त्याने गाडी स्वतः उचलली, एकदाही मला हात लावू दिला नाही. हँडल धरलं, पाठ सरळ ठेवली, पायांनी उठला. ११७ किलोची गाडी त्याच्या बरोबरीची होती. १९५ किलोची गाडी पडली असती तर उचलायला दोन माणसं बोलवावी लागली असती, आणि लहानपणी सायकल सोडलेल्या पोराच्या मनात त्या दिवशी पुन्हा काहीतरी मिटलं असतं. पडल्यावर स्वतः उचलता येणं हा पहिल्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण आहे. तो कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती इतक्या वर्षांत आली नव्हती. जाणकार म्हणतात, घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घालू नये. इथे ११७ किलोचं वाहन ११० किलोचा स्वार घेऊन जातं, जवळजवळ आपल्या अंगाइतका. त्यामुळे हलक्या माणसाला हँडलने वळवावी लागते तिथे भाच्याची गाडी नुसत्या खांद्याच्या कलाने वळते. त्याचं अंग हेच तिचं दुसरं हँडल आहे. ज्या वजनाची त्याला आयुष्यभर अडचण वाटली, त्याला या गाडीवर पहिल्यांदा काम मिळालं. मोठ्या गाडीवर ते वजन नुसतं मावलं असतं.

त्या पावसाळ्यात लायसन्स हातात आल्यावर आम्ही दोघे दोन गाड्यांवर सहस्रकुंडाला गेलो. पैनगंगा भरून वाहत होती, धबधब्याचा आवाज दुरूनच येत होता. जाताना मी पुढे होतो, आरशात त्याला बघत होतो. पहिल्या तासात माणूस गाडीवर अवघडून बसला असेल तर ते आरशात दिसतं. खांदे वर चढतात, कोपर ताठ होतं, दर थोड्या वेळाने एक पाय फुटरेस्टवरून खाली लोंबतो. यांतलं काही दिसलं नाही. खड्डा आला की तो गुडघ्यांवर थोडा उठायचा, गाडी खालून निघून जायची, मग तो पुन्हा बसायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. गुडघा मोकळा असलेल्या माणसाला हे आपोआप सुचतं.

उतरल्यावर तो धबधब्याकडे गेला. मी गाडीपाशी थांबलो. रस्त्यावरचा चिखल टाकीवर दोन्ही बाजूंनी उडून वाळला होता, सगळीकडे सारखा. फक्त दोन जागा स्वच्छ होत्या, तळहाताएवढ्या, टाकीच्या दोन्ही अंगांना. तिथे त्याचे गुडघे टेकले होते, वाटभर, न सरकता. मी माझ्या गाडीवर येऊन बसलो आणि तो परत येईपर्यंत त्या दोन जागांकडे बघत राहिलो.